खांब वाजवून पाहा



सकाळी ओसरी झाडताना खांबाच्या बुडाशी पिठासारखी चिमूटभर रास दिसते. घरातली बाई ती केरसुणीने लोटते आणि केराबरोबर उकिरड्यावर टाकते. दुसऱ्या दिवशी तेवढीच रास पुन्हा तिथेच. "लाकूड जुनं झालं, भुस्सा गळतोय," असे म्हणून सगळी मंडळी आपापल्या कामाला लागतात.

आज मला बोलायचे आहे ते या चिमूटभर राशीविषयी. कारण लाकूड नुसते जुने झाले म्हणून त्याचा भुस्सा गळत नाही. भुस्सा गळतो याचा अर्थ लाकडाच्या आत कोणीतरी जेवायला बसले आहे. ते कोण, हे त्या राशीवरून ओळखता येते. आणि ते ओळखल्याशिवाय केलेला उपाय म्हणजे दुखणे पोटात आणि लेप पाठीवर, असा प्रकार होतो.

हा विषय नांदेड-लातूरकडच्या घरांसाठी किती महत्त्वाचा आहे, ते आधी पाहू.

आपल्याकडचे जुने घर म्हणजे माळवदाचे घर. दगडमातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा किलच, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. घर केवढे, हे आपण खोल्यांवरून सांगत नाही, खणांवरून सांगतो. पाच खणांचे घर, सात खणांचे घर. उन्हाळ्यात हे घर थंड राहते, त्याला तोड नाही. पण दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला आपण माळवदावर नवी माती टाकतो. जुनी काढत नाही, नवी मात्र टाकतो. बापाने टाकली, आजाने टाकली, त्यावर आपण टाकली. असे करता करता थर हातभर जाड होतो.

आता थोडा हिशेब करा. शिक्षक मंडळींनी हा हिशेब मुलांना फळ्यावर घालायला हरकत नाही. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशा जागेवर अर्धा मीटर जाडीची माती असेल, तर तिचे वजन सुमारे आठशे किलो भरते. म्हणजे आठ क्विंटल. ज्वारीची आठ पोती प्रत्येक चौरस मीटरवर! एका खणावर सहज दोन-तीन टन ओझे येते. आपण खाली बाजेवर निर्धास्त झोपतो ते कोणाच्या भरवशावर? चार खांब आणि दोन तुळयांच्या भरवशावर. तो खांब आतून पोकळ असेल तर?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या भागात कोणी विसरलेले नाही. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच दगडमातीखाली गेली. ती हानी मुख्यतः झाली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींमुळे आणि माळवदाच्या ओझ्यामुळे. तो दोष वाळवीच्या माथी मारण्याचे कारण नाही. पण त्या वेळी पाहणी करणाऱ्यांना एक गोष्ट दिसली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. जिथे खांब आणि तुळयांचा लाकडी सांगाडा धड होता, तिथे काही घरांच्या भिंती ढासळूनही माळवद खांबांवर तोलून राहिले. म्हणजे खांब नुसता छप्पर धरत नाही, वेळप्रसंगी जीवही राखतो. त्यानंतर २०२४ साली मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोली-नांदेड भागात पुन्हा धक्के बसले, ४.५ तीव्रतेचे. जमीन हलायची तेव्हा हलणारच, ते आपल्या हाती नाही. खांब भरीव ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.

आता त्या चिमूटभर राशीकडे परत येऊ. लाकूड खाणारे तीन वेगळे जीव आपल्या घरात असू शकतात. आपण तिन्हींना सरसकट "उधई लागली" किंवा "कीड लागली" म्हणतो. पण तिघांची राहणी वेगळी, तिघांची खूण वेगळी. सोपी आठवण सांगतो : एकाची खूण माती, दुसऱ्याची कणी, तिसऱ्याचे पीठ.

पहिली जमिनीतली उधई. आपल्या भागात सर्वांत जास्त नासधूस हिचीच. हिचे बिऱ्हाड जमिनीखाली असते. शेतातली वारुळे हीच बांधते. नागपंचमीला आपल्या आयाबहिणी ज्या वारुळाची पूजा करतात, ते नागाने बांधलेले नसते, उधईने बांधलेले असते. "आयत्या बिळावर नागोबा" ही म्हण काही उगाच पडलेली नाही. या उधईचे अंग मऊ, पांढुरके. उन्हाची झळ आणि कोरडी हवा तिला सोसत नाही. ओलावा तिला जमिनीतूनच आणावा लागतो. म्हणून घरात येताना ती मातीची बंद नळी करून येते. भिंतीवर, खांबावर, चौकटीवर बोटभर रुंद, कधी त्याहून बारीक मातीची रेघ चढलेली दिसते, तो तिचा रस्ता. आत खाल्लेल्या लाकडातही ती माती भरून ठेवते. वारुळात या उधया हजारोंनी, लाखोंनी असतात. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती जे पंखांचे किडे गर्दी करतात, त्यांत पुष्कळसे हिचेच नर-मादी असतात. सकाळी अंगणात पडलेला पंखांचा सडा त्यांचाच.

दुसरी सुक्या लाकडातली वाळवी. हिच्याबद्दल आपल्याकडे फारच थोड्यांना माहिती आहे. हिला जमीन लागत नाही, वारूळ लागत नाही, मातीची नळीही लागत नाही. सुक्या लाकडात जो नाममात्र ओलावा असतो, तेवढ्यावर तिचा संसार चालतो. पंख फुटलेली एक जोडी येते, लाकडाची भेग किंवा सांधा शोधते, पंख गाळते, आत शिरते आणि मागचे दार बंद करून घेते. मग आतल्या आत वंश वाढतो, तोही अगदी सावकाश. एका लाकडात काही शे, फार तर दोन-चार हजार जीव. चार-पाच वर्षे घरच्यांना काही पत्ताच लागत नाही. लाकडाचा वरचा पापुद्रा ती शाबूत ठेवते आणि आतून आडवीउभी दालने कोरत जाते. रंग दिलेले कवाड वरून नवे दिसते, आणि एके दिवशी कडी ओढताच बोट आत जाते.

तिची खूण म्हणजे कणी. आत साचलेली विष्ठा ती मोहरीहून बारीक अशा भोकातून बाहेर ढकलते आणि भोक पुन्हा बुजवून टाकते. खाली जी रास पडते ती पिठासारखी नसते, खसखशीसारखी किंवा बारीक रव्यासारखी असते. चिमटीत धरून चोळली तर कण टणक लागतात. शाळेत भिंग असेल तर मुलांना हा कण जरूर दाखवा. प्रत्येक कणाला सहा बाजू असतात, जणू कोणी पैलू पाडले आहेत. ही वाळवी कोकणात, मुंबईकडे, समुद्रकाठच्या दमट हवेत जास्त आढळते. आपली हवा कोरडी, म्हणून आपल्याकडे तिचा सुळसुळाट कमी. पण लाकडी सामानाबरोबर ती प्रवास करते. मुंबईहून बदली होऊन आलेल्याच्या पलंगातून, विकत घेतलेल्या जुन्या कपाटातून ती घरात येऊ शकते.

तिसरा भुंगेरा, ज्याला कोणी घुण म्हणतात. ही वाळवीच नव्हे. हा एक बारीक भुंगा. त्याची अळी लाकडात वाढते आणि लाकडाचे मैद्यासारखे पीठ करते. मोठा झालेला भुंगा टाचणीच्या डोक्याएवढे गोल भोक पाडून बाहेर पडतो. गोल भोके आणि मऊ पीठ, ही त्याची खूण. ओसरीच्या खांबाखाली जी रास आपण सुरुवातीला पाहिली, ती बहुधा याची. बाभळीच्या, आंब्याच्या लाकडात आणि बांबूत याचा फार जोर. याला लाकडातला पिठूळ अंश, म्हणजे स्टार्च, हवा असतो. तो असतो लाकडाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागात. आतला गडद गाभा हा सहसा खात नाही.

आपले जुने सुतार हे सगळे पुस्तक न वाचता जाणत होते. किनवट-माहूरच्या रानातले सागवान आणले तरी पांढरा भाग तासून गाभ्याचा खांब करीत. सागाला उधई लागत नाही असे आपण म्हणतो, ते गाभ्यापुरते खरे आहे, पांढऱ्या भागाला ते लागू नाही. बाभळीचे ओंडके आणि बांबू दोन-दोन महिने पाण्यात बुडवून ठेवीत. पाण्यात तो पिठूळ अंश निघून जातो, मग भुंगेऱ्याला त्यात गोडी राहत नाही. आणि खांब कधी जमिनीत पुरत नसत. दगडी तळखड्यावर उभा करीत. तळखडा नुसता शोभेसाठी नव्हता. खांबाचा आणि ओल्या मातीचा संबंध तोडण्यासाठी तो होता. आपण काय केले? वर्षानुवर्षे जमिनीवर भर घालून, सारवून, पुढे फरशी बसवून तळखडा पुरून टाकला. खांबाचे बूड मातीला टेकले. म्हणजे उधईला आपणच जिना करून दिला.

आता प्रत्यक्ष तपासणी कशी करायची ते सांगतो. त्यासाठी लागते एक लाकडी हातोडी किंवा मुसळ, एक दाभण, आणि आपले कान.

दुपारी घर शांत असताना एकेक खांब बुडापासून वर हातभर अंतराने हलकेच वाजवत जा. भरीव लाकूड टणक, आखूड आवाज देते. पोखरलेले लाकूड ढोलासारखे बद्द वाजते. जिथे आवाज बदलला तिथे खडूने खूण करा आणि दाभण टोचून पाहा. दाभण नखभर शिरून थांबली तर दुखणे वरचे आहे. बोटभर सहज आत गेली तर तो खांब आजारी समजावा. खांबाचे बूड, तुळईचे भिंतीत घुसलेले टोक, कवाडाची चौकट, उंबरा आणि मोरीलगतचे लाकूड या पाच जागा चुकवू नका. तुळईचे भिंतीतले टोक सर्वांत दगा देणारे. तिथे वारा नाही, पावसाळ्यात ओल मुरते आणि नजर कधी जात नाही.

आतले जीव जिवंत आहेत की जुनेच खाल्लेले दिसते आहे, हेही पाहिले पाहिजे. कणी किंवा पीठ असेल तर जागा स्वच्छ झाडा आणि खाली काळे फडके अंथरा. आठ दिवसांनी फडक्यावर नवी रास पडली तर घरमालक आत आहे. मातीची नळी असेल तर मधला चार बोटांचा तुकडा खरवडून टाका. तीन-चार दिवसांत नळी पुन्हा जोडली गेली तर रस्ता वाहता आहे. ही तपासणी वर्षातून दोनदा करावी, एकदा मृगाआधी आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत. रंग देण्याआधी खांब वाजवा, नंतर नव्हे. रंगाने कीड झाकते, मरत नाही.

आता उपाय. जसा चोर तसा पहारा.

जमिनीतल्या उधईसाठी तिचा जमिनीशी संबंध तोडा. बुजलेला तळखडा उकरून मोकळा करा. भिंतीला टेकून रचलेल्या गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या, कडब्याच्या पेंढ्या दूर हलवा. तो उधईचा आयता फराळ आहे. मोरीचे आणि पन्हाळीचे पाणी पायाशी मुरू देऊ नका. नुसती नळी खरवडून काम भागत नाही, कारण बिऱ्हाड खाली आहे. भिंतीकडेच्या मातीत आणि पायात औषध मुरवावे लागते. नवे घर, मग ते माळवदाचे नसून सिमेंटचे घरकुल का असेना, पाया भरतानाच हे करून घ्यावे. त्याची रीत भारतीय मानक ६३१३ मध्ये दिलेली आहे. हे काम परवानाधारक, जाणत्या माणसाकडूनच करवून घ्यावे. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर त्याला ते आधी सांगावे. आणखी एक, एके काळी यासाठी आल्ड्रिन, क्लोर्डेन, बीएचसी अशी औषधे वापरीत. ती मातीत वर्षानुवर्षे राहतात आणि अन्नात उतरतात, म्हणून त्यांवर आता आपल्या देशात बंदी आहे. कोठे जुना डबा सापडला तर "असू दे, जालीम आहे" म्हणून वापरू नका. पिकावर फवारायचे औषध आपल्या मनाने घरातल्या खांबाला, आणि तेही धान्याच्या कणगीजवळ, कधीही लावू नका.

सुक्या लाकडातल्या वाळवीसाठी जमिनीत औषध ओतणे म्हणजे पैसा मातीत घालणे. ती जमिनीत नाहीच. तिच्यासाठी पोखरलेला तुकडा कापून काढून जाळावा. बाकीच्या लाकडात बारीक गिरमिटाने भोके पाडून, पिचकारीने औषध दालनापर्यंत पोचवावे. हेही जाणत्यानेच करावे. लहान वस्तू, पाट, स्टूल, तसबिरीची चौकट, उन्हात तापवता येते. मात्र लाकडाचा गाभा ५५ अंशांपर्यंत तासभर तापला पाहिजे. नुसते अंगणात ठेवून तेवढे होत नाही. वैशाखात काळ्या जाड कागदात गुंडाळून, पत्र्यावर ठेवून, रोज बाजू पालटत बरेच दिवस तापवावे लागते. आणि जुन्या वाड्याचे सागवान स्वस्तात मिळते म्हणून आणताना आधी ते वाजवून घ्या, भेगा पाहा, दोन आठवडे घराबाहेर काळ्या फडक्यावर ठेवा आणि मगच आत घ्या.

भुंगेऱ्यासाठी नवे लाकूड आणि बांबू पाण्यात मुरवून, वाळवून, बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या पाण्याचा हात द्यावा. मग सर्व बाजूंनी, कापलेल्या टोकांनासुद्धा, तेल किंवा रंग लावावा. उघड्या लाकडावरच भुंगेरा अंडी घालतो.

खांब आजारी निघाला तर घाई करू नका. आधी दोन्ही बाजूंना तुळईखाली भक्कम धिरे द्या, मगच खांबाला हात लावा. टेकू न देता खांब काढणे म्हणजे माळवद अंगावर घेणे. सुतार आणि गवंडी दोघांना एकत्र बोलवा. आणि वरचे ओझे कमी करा. पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकण्याआधी तेवढीच जुनी उतरवली पाहिजे, हा नियमच करा.

आता शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द. वाळवीला लाकूड आणि कागद सारखेच. २०२३ साली मराठवाड्यात निजामकाळातल्या जुन्या नोंदी शोधण्याचे मोठे काम निघाले. मोडीतली, उर्दूतली दप्तरे उघडली गेली. तेव्हा साऱ्यांना कळले की जन्माच्या, जातीच्या, शाळाप्रवेशाच्या एका ओळीला केवढी किंमत असते. आपल्या शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात अशा कितीतरी घरांच्या ओळी आहेत. ते रजिस्टर लाकडी कपाटात, भिंतीला चिकटून, ओल्या फरशीवर असेल तर आज संध्याकाळी आधी ते पाहा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, पायांखाली दगड द्या, जमल्यास लोखंडी मांडणी घ्या. लिंबाच्या पाल्यावर भरवसा ठेवू नका, महिन्याला एकदा पाने उलटा. ज्या दप्तराला माणसाचा हात लागत नाही, त्याला वाळवीचे तोंड लागते. आणि जुन्या पानांची छायाचित्रे काढून ठेवा.

मुलांकडून एक काम करवून घेता येईल. प्रत्येकाने आपल्या घरातल्या खुणा शोधून माती, कणी की पीठ, ते वहीत लिहावे आणि कागदाच्या पुडीत नमुना आणावा. खांब वाजवणे आणि टोचणे मात्र मोठ्या माणसांनीच करावे. महिनाभरात गावातले कोणते घर तपासायला हवे, हे शाळेला ग्रामपंचायतीच्या आधी कळेल.

श्रोते हो, उधई ही काही दुष्ट नाही. रानात वाळलेल्या काटक्या, पालापाचोळा यांची ती माती करते. ती नसती तर रानात पाय ठेवायला जागा उरली नसती. तिला वाळके लाकूड आणि आपला खांब यांतला फरक कळत नाही, एवढेच. तो फरक राखायचे काम आपले.

उद्या सकाळी ओसरी झाडताना रास दिसली तर लगेच लोटू नका. चिमटीत घ्या, चोळून पाहा. माती आहे, कणी आहे की पीठ आहे? आणि मग त्या खांबाला हातोडीची एक हलकी थाप मारा. तो काय सांगतो ते ऐका.